जोत्याआधी पोहोचा: खान्देशातल्या पालिका बांधकाम निरीक्षकासाठी कामाची वाट

पालिकेत बांधकाम निरीक्षक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "साहेब, आत्ता उन्हात कशाला येता, स्लॅब पडला की बोलावतो." त्याचं ऐकू नका. स्लॅब पडल्यावर सापडलेली चूक कुणी दुरुस्त करत नाही. मग नियमित करून द्या म्हणून अर्ज येतो, कोर्टात दावा पडतो किंवा कुणाचा तरी फोन येतो. तीच चूक चुन्याची फक्की मारलेली असताना सापडली, तर मिस्त्री दोरी सरकवतो आणि विषय मिटतो. म्हणूनच या लेखात जोत्यापर्यंतचा, म्हणजे पायावरच्या चौथऱ्यापर्यंतचा, भाग लांबला आहे आणि पुढचा आखूड आहे.

जळगाव आणि धुळे या दोन महापालिका, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, शहादा, नंदुरबारसारख्या नगरपरिषदा, बोदवड, मुक्ताईनगर, साक्री, शिंदखेडा या नगरपंचायती: पदाचं नाव सगळीकडे एक नाही. कुठे कनिष्ठ अभियंता (स्थापत्य), कुठे रचना सहायक, तर कुठे एकच माणूस गटारीचं एस्टिमेटही करतो आणि बांधकामही बघतो. पाहणीचं काम मात्र सगळीकडे सारखंच.

आधी स्वतःचे अधिकार कागदावर बघा

निरीक्षकाला स्वतःचे असे अधिकार फार थोडे असतात. महापालिकेत ते आयुक्तांकडून येतात, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांकडून. त्यामुळे रुजू होताच अधिकार प्रदान केल्याच्या आदेशाची प्रत मागून घ्या. कोणती नोटीस तुमच्या सहीने जाते आणि कोणती वरच्या सहीने, हे त्यात स्पष्ट असतं. चुकीच्या सहीची नोटीस कोर्टात पहिल्याच तारखेला पडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे: अनधिकृत बांधकामाला कलम २६०, चालू काम थांबवायला २६१, धोकादायक इमारतीला २६४. नगरपरिषद आणि नगरपंचायतीला १९६५ चा अधिनियम लागू आहे. तिथे बांधकाम परवानगीचं कलम १८९ आणि पडायला आलेल्या इमारतीचं १९५. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, दोन्हीकडे चालतो. त्यातली ५२ ते ५५ ही कलमं रोजच्या वापरातली आहेत. कोऱ्या नमुन्यांची नक्कल करताना इथेच घोळ होतो. नगरपंचायतीच्या लेटरहेडवर २६० ची नोटीस निघते, किंवा मुंबईचा ३५१ चा नमुना उचललेला असतो, जो मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातला आहे. आपल्या दप्तरातले नमुने एकदा स्वतः वाचून काढा.

मोजमापाचे नियम एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, आणि डिसेंबर २०२० पासून ती आपल्याकडे लागू आहे. तिच्यात दाट वस्तीचे, म्हणजे जुन्या गावठाणाचे नियम वेगळे आणि बाहेरच्या वसाहतींचे वेगळे. धुळ्याचा पेठ भाग इंग्रज अधिकारी ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखला. तिथे नंबरी गल्ल्यांत घराला घर चिकटलेलं आहे, सामाईक भिंती आहेत. देवपुरातल्या नव्या ले-आउटचं सामासिक अंतराचं, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत सोडायच्या मोकळ्या जागेचं, कोष्टक तिथे लावायला गेलात तर एकही घर बसणार नाही.

पिशवीत काय हवं

तीस मीटरची फायबर टेप, पाच मीटरची स्टीलची टेप, ओळंबा, दोरी, खडू, मंजूर नकाशाची मोठी प्रत, पाण्याची बाटली, टोपी. लेझर मीटर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. एप्रिलच्या उन्हात त्याचा लाल ठिपका पाच-सात मीटरपुढे दिसतच नाही. खोल्या मोजायला तो उत्तम, उघड्या प्लॉटवर टेपच खरी. फोनमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं ॲप हवं. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पाहण्या सकाळी सात ते दहा या वेळेत उरका आणि दुपार अहवालांना द्या.

जागेवर जाण्याआधी फाईल वाचा

फाईलमध्ये आधी मालकीचा कागद बघायचा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेतीचा आदेश, मंजूर ले-आउट आणि भूमि अभिलेखची मोजणीची क प्रत, म्हणजे मोजून दिलेल्या हद्दीचा नकाशा. मालकीचा निवाडा करणं तुमचं काम नाही, पण खटकलेली नोंद वर कळवणं आहे. नंदुरबार जिल्ह्यात आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागांत आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आठवा. बिगर-आदिवासीकडे हस्तांतर व्हायला तिथे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात तशी नोंद असताना फाईल निमूटपणे पुढे ढकलू नका.

मग विकास आराखडा आणि भाग नकाशा. प्लॉटवरून आराखड्यातला रस्ता (डीपी रोड) जातो का, आरक्षण आहे का, नदीची पूररेषा येते का? निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर नाही. निळ्या-लालच्या मधे परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. चाळीसगावकरांना हे समजवावं लागत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी गावात शिरल्या तेव्हा कुठल्या दुकानात किती पाणी होतं, हे तिथलं पोरगंही सांगेल. पांझराकाठी धुळ्यात आणि बोरीकाठी अमळनेरात मात्र "इथे कधी पाणी येत नाही हो" हे वाक्य हमखास ऐकाल. नकाशा बघा आणि जोत्याची पातळी लेव्हलने तपासून घ्या.

भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा या रेल्वेच्या गावांत रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची ना हरकत लागते. राष्ट्रीय महामार्ग ५३ लगत इमारत रेषा, म्हणजे जिच्या पुढे बांधकाम नेता येत नाही ती रेषा, बघावी लागते, जळगाव विमानतळाच्या परिसरात उंचीची मर्यादा.

लाइन आउट आणि जोता

लाइन आउट म्हणजे चुन्याने केलेली घराची आखणी. इथे घाई करायची नाही. आधी प्लॉटच्या हद्दीच्या खुणा शोधा. खुणा नसतील तर मोजणी करून घ्या म्हणून लेखी कळवा आणि परत या. कंपाउंडच्या भिंतीला हद्द समजून मोजणं ही सगळ्यात मोठी फसगत आहे.

उदाहरण घ्या. प्लॉट ९ मीटर बाय १५ मीटर. मंजूर नकाशात दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर मोकळी जागा आणि मधे ६ मीटरचं घर. जागेवर डावीकडची मोकळी जागा मोजली, दीड मीटर बरोबर. उजवीकडचीही दीड मीटर बरोबर. मालक खूश, तुम्हीही खूश. आता घराची रुंदी मोजा: ६.२३ मीटर. बेरीज झाली ९.२३. प्लॉट ९ मीटरचाच असताना हे २३ सेंटिमीटर आले कुठून? ही नऊ इंची भिंतीची जाडी आहे. कंपाउंडची अख्खी भिंत शेजारच्या रिकाम्या प्लॉटात उभी राहिली आणि घर तेवढं फुगलं. शेजारी पुण्याला नोकरीला, चार वर्षांनी घर बांधायला येईल तेव्हा मारामारी होणार आणि फाईलमध्ये तुमची सही निघणार. म्हणून मोकळ्या जागा सुट्या मोजून थांबू नका. एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत सलग टेप धरा आणि बेरीज जुळवा.

त्यानंतर कर्ण. ९ बाय १५ च्या काटकोनी प्लॉटचे दोन्ही कर्ण १७.४९ मीटर यायला हवेत. एक १७.३ आणि दुसरा १७.७ आला तर प्लॉट तिरका आहे. मग पुढच्या कोपऱ्यावर बरोबर आलेलं अंतर मागच्या कोपऱ्यावर कमी भरतं. प्रत्येक बाजूला किमान दोन ठिकाणी, पुढे आणि मागे मोजा, आणि कमी असेल तो आकडा अहवालात घाला. सरासरी काढायची नाही.

समोरचं अंतर मोजताना रस्त्याची रुंदी आधी तपासा, कारण समोर किती जागा सोडायची हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ले-आउटमध्ये ९ मीटरचा रस्ता आणि जागेवर दोन्ही बाजूंच्या ओट्यांनी तो सात मीटरवर आणलेला, हे आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी मंजूर ले-आउटमधल्या मध्यरेषेपासून मोजायचं, ओट्याच्या कडेपासून नाही. गटारीवर स्लॅब टाकून केलेल्या पायऱ्या हा वेगळा विषय. त्याचा फोटो वेगळा, नोंद वेगळी.

लहान घरांच्या बाबतीत आता एक फरक झाला आहे. १५० चौरस मीटरपर्यंतचे प्लॉट कमी जोखमीचे आणि १५० ते ३०० चौरस मीटरचे मध्यम जोखमीचे धरून परवानगीची वाट सोपी केली आहे. आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याच्या दाखल्यावर बरंच काम होतं. त्यामुळे तुमचं लक्ष कमी होता कामा नये, उलट अशा फाईलींतूनच अचानक पाहण्या काढाव्यात असं माझं मत आहे. दाखला देणाऱ्यांत चोख माणसं पुष्कळ आहेत, आणि जागेवर न जाता शिक्का मारणारेही आहेत. दोन-तीन पाहण्यांत कोण कसा ते कळतं.

पायाच्या खड्ड्यात डोकावा

स्ट्रक्चरची जबाबदारी स्ट्रक्चरल इंजिनिअरची आणि साइटवरच्या अभियंत्याची आहे. निरीक्षकाने सळई मोजत बसावं अशी अपेक्षा नाही. तरी खड्डा उघडा असताना एकदा आत बघावं. तापीच्या पट्ट्यात काळी माती फार खोल जाते. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीतच उथळ पाया घातला तर दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. पाया मुरमापर्यंत गेला का, तो तसा जाणं शक्य नसेल तर डिझाइनमध्ये अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर खोल खांब) किंवा राफ्ट (घराखाली सलग स्लॅबचा पाया) आहे का, एवढं विचारा. डिझाइन एक आणि खड्डा भलताच दिसला तर अहवालात एक ओळ लिहा आणि प्रत इंजिनिअरला द्या.

पाणी मारण्याचंही तसंच. कोरड्या, कडक उन्हात काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी हवं, हे आयएस ४५६ सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकलेल्या स्लॅबवर तिसऱ्या दिवशी धूळ उडताना दिसते. दंड करण्याचा हा विषय नाही, पण मालक उभा असेल तर त्याला सांगा. त्याचा पैसा आहे, तो ऐकतो.

स्लॅबच्या आधी तारा बघा

वर जाताना गॅलरी बाहेर निघते आणि रस्त्यावरून विजेची तार गेलेली असते. लघुदाबाच्या तारेपासून आडवं अंतर १.२ मीटर आणि उभं २.५ मीटर हवं. ११ केव्हीला आडवं १.२ मीटर पण उभं ३.७. ३३ केव्हीला आडवं २ मीटर. नकाशात तार दाखवलेली नसते, म्हणून कागदावर सगळं ठीक दिसतं. सेंट्रिंग लागताच फेरी मारा. गॅलरीतून ओला कपडा झटकणाऱ्या बाईचा हात कुठवर जाईल, हे डोळ्यांपुढे आणून मोजा.

व्यापारी इमारतीत एकच गोष्ट पकडली तरी पुरे: तळमजल्यावरचं पार्किंग. स्लॅबच्या वेळी ते मोकळं असतं, रंगकामाच्या वेळी त्यात शटरच्या चौकटी बसतात आणि दिवाळीला गाळे सुरू होतात. खांबांमधे विटा रचलेल्या दिसल्या की त्याच दिवशी फोटो आणि नोटीस.

अहवाल कसा लिहायचा

"सदर बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आढळून आले" ही एका ओळीची पाहणी कुणाच्याच कामाची नाही. पाच वर्षांनी तुम्हाला साक्षीला बोलावतील तेव्हा आठवणीत काही उरलेलं नसेल. असं लिहा: "उत्तर बाजूचे सामासिक अंतर पुढील कोपऱ्यावर १.५० मी., मागील कोपऱ्यावर १.३२ मी. आढळले, मंजूर १.५० मी. मोजणीवेळी अर्जदार व परवानाधारक अभियंता हजर." दिशा, आकडा, मंजूर आकडा, हजर माणसं. सोबत हाताने काढलेलं रेखाचित्र आणि टेप दिसेल असे फोटो. 'अंदाजे', 'साधारण', 'थोडेफार' हे शब्द अहवालातून हद्दपार करा.

दिवसाची पाहणी त्याच दिवशी ऑनलाइन प्रणालीत चढवा. एमआरटीपीच्या कलम ४५ प्रमाणे परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर काही अटींवर परवानगी मिळाली असं मानलं जातं. फाईल टेबलावर पडून राहण्याचा फायदा नेमका चुकीचं बांधणाऱ्याला होतो.

अनधिकृत काम सापडलं तर

काम चालू असेल तर पहिलं पाऊल थांबवण्याचं: एमआरटीपी कलम ५४, महापालिकेत २६१ सुद्धा. त्यानंतर पंचनामा. पंच परिसरातले पण भांडणात नसलेले घ्या. तक्रारदाराचा भाऊ पंच म्हणून घेतला की पंचनामा गेला. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त तक्रारी मुळात हद्दीच्या किंवा भाऊबंदकीच्या असतात असा माझा अनुभव आहे. म्हातारा मालक टेपच्या आडवा उभा राहून म्हणतो, "हाई भित मन्हा बापनी बांधेल शे!" त्याच्याशी वाद घालू नका. आप्पा म्हणा, बसा म्हणा, भिंत कधीची याचा काय कागद असेल तो मागा, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत जबाबात घ्या. भिंत खरंच जुनी असेल तर तोच जबाब तुम्हाला चुकीच्या कारवाईतून वाचवतो.

घरपट्टीची पावती नाचवणारे बरेच भेटतील. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, महापालिकेत तर कलम २६७-अ खाली शास्तीही लागते. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. हे नोटिशीतच लिहून टाका.

पाडकामाच्या बाबतीत १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तोंडपाठ हवा. कारणे दाखवा नोटीस रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, उत्तराला १५ दिवस, वैयक्तिक सुनावणी आणि तिचं इतिवृत्त, कारणांसह अंतिम आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस, आणि प्रत्यक्ष पाडताना व्हिडिओ चित्रीकरण. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा पाणवठा यांवरच्या अतिक्रमणाला आणि कोर्टाने पाडायला सांगितलेल्या बांधकामाला हा आदेश लागू नाही. अंतिम आदेश निघताच दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करायला विधी विभागाला सांगा. ते ९० दिवस टिकतं आणि पालिकेचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई होत नाही.

बांधकाम नियमात बसणारं असेल तर एमआरटीपीच्या कलम ५२-अ किंवा गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विनापरवाना विकलेल्या प्लॉटच्या, कायद्याखाली नियमित होऊ शकतं. २०२१ च्या दुरुस्तीने गुंठेवारीची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली आहे. पण "अर्ज केलाय" या तोंडी उत्तरावर कारवाई थांबवू नका, पोच बघा. ठाण्याजवळच्या मुंब्र्याची लकी कंपाउंड ही अनधिकृत इमारत ४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ७४ माणसं गेली. अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारीही होते. आणि एमआरटीपीचं कलम ५६-अ, अनधिकृत बांधकामावर कारवाई टाळणाऱ्या अधिकाऱ्यालाच लागतं.

धाब्याची घरं: पावसाळ्याआधीचं काम

पुण्या-मुंबईकडची मार्गदर्शकं याबद्दल गप्प असतात, आणि खान्देशात तर माणसं यातच दगावतात. धाब्याचं घर म्हणजे लाकडी खांब, त्यावर तुळई, आडव्या कड्या, फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. वर्षानुवर्षं थर वाढत जातो आणि झडीत भिजला की वजन कड्यांना पेलत नाही.

एप्रिल-मेमध्ये गल्लीवार फेरी मारा. घरात शिरलात की छताच्या मध्यापेक्षा कडीचं टोक बघा, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. वाळवी आणि ओल तिथेच लागते. एखादी सळई किंवा पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड संपलं. दोन टोकांना दोरी ताणून तुळईचा बाक मोजा. भिंतीच्या बुडाशी ताजी माती सांडलेली दिसते का, भिंत पोटातून फुगली आहे का, धाब्यावर नंतर पत्रा किंवा पाण्याची टाकी चढवली आहे का, ते टिपा. शेजारचं घर पाडून नवं बांधलं असेल तर सामाईक भिंतीचा आधार गेलेला असतो. अशी घरं यादीत सगळ्यात वर.

नोटीस जूनच्या आत पोहोचली पाहिजे. कलम १९५ किंवा २६४, आणि त्यात 'दुरुस्त करा' की 'रिकामं करा' हे स्पष्ट. दोन्ही एका दमात लिहिलं की घरमालक काहीच करत नाही. पोळ्याच्या सुमाराला सलग झड लागते तेव्हा यादीतल्या घरांवर परत फेरी हवी, आणि पाऊस उघडल्यावरही दोन-तीन दिवस.

एक सावधपणा ठेवा. भाडेकरू निघत नाही म्हणून घरमालकच 'धोकादायक' शिक्का मागायला येतो. अशा ठिकाणी स्वतःच्या नजरेवर निर्णय देऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागवा, आणि रिकामं करायची वेळ आलीच तर प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून पंचनाम्यात घ्या, प्रत त्याच्या हातात द्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला नोटीस चिकटवून निघून येऊ नका. पोरगा सुरतला की नाशिकला ते विचारा, त्याचा नंबर घ्या, पावसाळ्यापुरती शाळेची खोली मिळते का ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा. नोटिशीचं काम इथे अर्धंच असतं.

महापालिका हद्दीत ३० वर्षांपुढच्या इमारतींना कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. आरसीसीच्या जुन्या अपार्टमेंटना ते कळवत राहा.

भोगवटा

भोगवट्याच्या, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देण्याआधीच्या, पाहणीत नवं काही शोधायचं नसतं, जोत्याच्या अहवालाशी ताळा करायचा असतो. जिन्याची पायरी निवासी घराला २५ सेंटिमीटर रुंद, १९ पेक्षा उंच नको. आपल्यासारख्या कोरड्या उष्ण भागात खोलीच्या क्षेत्राच्या एक दशांश तरी उघडी जागा, खिडकी नकाशातली आणि भिंत जागेवरची असं नको. ५०० चौरस मीटर किंवा जास्त प्लॉट असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय, आणि ती चालू: झाकण उघडून आत बघा, कित्येकदा पाइप मातीतच संपलेला असतो. पार्किंग पुन्हा एकदा. दवाखाना, क्लास, मंगल कार्यालय असेल तर अग्निशमनचा दाखला.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ ला सांगितलं आहे की वीज, पाणी, गटार यांची जोडणी भोगवटा प्रमाणपत्र बघूनच द्यावी. आपल्या पाणीपुरवठा विभागाला त्याचं परिपत्रक गेलं आहे का, विचारून घ्या.

बदलीचा आदेश आला की बीटची, म्हणजे नेमून दिलेल्या भागाची, यादी करून द्या: चालू कामं, दिलेल्या नोटिसा, सुनावणीच्या तारखा, कोर्टातले दावे, धोकादायक घरं. प्रत्येक फाईलपुढे शेवटच्या पाहणीची तारीख. नव्या माणसाची सही घ्या, एक प्रत आवक-जावकला नोंदवा आणि एक घरी ठेवा.